शहाळं आणू नका

मला सगळ्याची किळस यायला लागली, तेव्हा घरच्यांना वाटलं, परदेशात राहून पोराला माज आलाय.

आखातातला हंगाम संपवून मी नुकताच घरी आलो होतो. पुंडलिकनगरच्या आमच्या फ्लॅटवर माय खास देवगाव रंगारीहून आली होती. तिनं काळा मसाला घालून मटण केलं. ताटावर बसलो, वास नाकात गेला आणि पोटातून अशी उसळी आली की मी उठून बेसिन गाठलं. माय मागून म्हणाली, "कामून रे? तिकडचं अळणी खाऊन जीभ मेली व्हय तुही?" पुढच्या आठवड्यात चहाची किळस आली. मग तुपाची, मग शेजारच्या फोडणीची, मग साबणाची. पाणी प्यालो तरी पितळेचं भांडं चाटल्यासारखं वाटायचं. माय शेजारणीला सांगत होती, "साहेब झालाय आता त्यो. आपलं खाणं नाय जात त्याला."

माझी बायको स्वाती शाळेत शिकवते. तिला आडून बोलता येत नाही. एक दिवस ती जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, रागावू नका. तुमच्या तोंडाला मुतारीसारखा वास येतो." मी रागावलो. दोन दिवस बोललो नाही. पण त्या एका वाक्यानं मला डॉक्टरकडे नेलं. तुमच्या घरात कुणाचं असं अन्नावरचं मन उडालं असेल, घोटे सुजत असतील, तोंडाला वास मारत असेल, तर लाज गुंडाळून ठेवा आणि तोंडावर सांगा. हे लिहायला बसलो त्याचं पहिलं कारण हेच.

बैलबाजार

मी बास्केटबॉल खेळून पोट भरायचो. आमच्याकडे हे सांगितलं की लोक विचारतात, "ते ठीक आहे, पण करता काय?"

माझी उंची सहा फूट सात इंच. देवगावच्या शाळेत पीटीच्या सरांनी ती बघितली आणि मला तालुक्याला नेलं. तिथून क्रीडा वसतिगृह, मग एका खात्याच्या संघात दोन-तीन वर्षं, आणि मग एक एजंट भेटला. तो म्हणाला, "बाहेर छोट्या छोट्या लीग आहेत, त्यांना उंच माणूस लागतो. अमेरिकेचा परवडत नाही." म्हणजे मी परवडणारा. नेपाळ, मालदीव, थायलंड, बहारीन, पुन्हा मालदीव, पुन्हा आखात. कुठंच सलग दोन हंगाम टिकलो नाही.

तिथं माझं नाव 'बाहेरचा' होतं. जिंकलो की त्यांची पोरं जिंकली, हरलो की बाहेरचा नालायक. दोन सामने वाईट गेले की हातात तिकीट. राहायला खोली मिळायची, त्यात गादीवर माझ्या आधीच्या 'बाहेरच्या'चा घाम पिवळा उमटलेला असायचा. मी गादी पालटून तिच्यावर झोपायचो, तर खालच्या बाजूला त्याच्याही आधीच्याचा डाग.

एकदा टाइल्सच्या व्यापारात पैसा केलेल्या एका मालकानं करार करायच्या आधी मला त्याच्या दुकानातच उभं केलं आणि अंगठ्यानं माझा गुडघा दाबून बघितला. "वाकवून दाखव," म्हणाला. मी वाकवला. "आता सरळ." मी सरळ केला. लहानपणी वडिलांबरोबर बैलबाजारात जायचो, तिथं हेच बघितलं होतं. त्यानं दात तेवढे बघितले नाहीत. गुडघा आतून ठणकत होता आणि मी हसत होतो. घरी आल्यावर मायलाही हे गंमत म्हणून सांगितलं. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

गुडघा दुखतो असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की दुसऱ्या दिवशी नवा माणूस विमानातून उतरलाच. म्हणून वेदनेच्या गोळ्या. ड्रेसिंग रूममध्ये गोळ्यांची पिशवी जेवणानंतर बडीशेप फिरावी तशी फिरायची. सामन्याआधी एक, नंतर एक, पुढे पुढे झोपायला एक. कुणी विचारलं नाही, कुणी थांबवलं नाही. आजारातून उठलेला माणूस 'मी कुणालाही दोष देत नाही' असं लिहितो, तशी पद्धतच आहे. मी देतो. पिशवी फिरवणाऱ्याला देतो, गुडघा दाबणाऱ्यालाही देतो.

"तुम्ही चालत आलात?"

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मग मला बघितलं, मग पुन्हा रिपोर्ट.

"तुम्ही इथवर चालत आलात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो. जिनाही चढलो."

"तुमच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात."

यावर मी काय बोललो ते सांगायला मला आज संकोच वाटतो. मी विचारलं, "दिवाळीनंतर माझा हंगाम सुरू होतो. तोवर होईल ना?" डॉक्टर माझ्याशी बोलायचे थांबले आणि स्वातीशी बोलायला लागले. स्वातीनं गोळ्यांचं विचारलं. मी खिशातून पाकीट काढून दाखवलं. निदानाच्या दिवशीही ते खिशातच होतं. "किडन्या यांनीच खाल्ल्या," म्हणत डॉक्टरांनी ते घेतलं आणि टेबलाखालच्या डब्यात टाकलं. मला त्या क्षणी किडन्यांचं काही वाटलं नाही, पाकिटाचं वाईट वाटलं.

घरी येताना रिक्षात मान वाकवून बसलो होतो. रिक्षात मी नेहमी तसाच बसतो. पण त्या दिवशी स्वाती बघत राहिली आणि मग रडायला लागली.

खुर्ची

आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. रक्त एका नळीतून बाहेर जातं, यंत्रातून धुऊन दुसरीतून परत येतं. बाकीचं तुम्हाला डॉक्टर सांगतील. मी सांगतो ते असं, की त्या खोलीत फिनेल, स्पिरिट आणि कुणाच्या तरी ओकारीचा वास एकत्र असतो, आणि तेवढ्यात एखादा नातेवाईक कोपऱ्यात बसून समोसा खातो. त्या समोशाचा खून करावासा वाटतो.

सगळ्या खुर्च्या साडेपाच फुटी माणसासाठी केलेल्या. माझे पाय बाहेर यायचे, येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्या अंगठ्याला धडकून "सॉरी" म्हणायचा. शेजारच्या खुर्चीवर यासीनभाई असायचे. शहागंजात त्यांचं शिलाईचं दुकान. डायलिसिसच्या या धंद्यात ते माझ्यापेक्षा जुने. पहिल्या दिवशी माझ्याकडे नखशिखांत बघून म्हणाले, "मियाँ, तुम्हारा तो पाजामा सीने को भी दो गाहक का कपड़ा लगता."

सगळ्यात हाल तहानेचे. शरीरातून पाणी बाहेर पडत नाही, म्हणून आत घालायचं नाही. दिवसभराचं पाणी स्वाती सकाळी एका तांब्यात मोजून ठेवायची, त्यात चहाही आला, वरणही आलं. आणि मराठवाड्याचा उन्हाळा. पंखा गरम हवा फेकतोय, जीभ टाळूला चिकटली आहे, आणि खालून नळाला पाणी आल्याचा आवाज येतोय. यासीनभाईंनी मला बर्फ शिकवला. "पानी का नाम नक्को लो. बरफ का टुकड़ा गाल में रखो. चूसो नक्को, बस रखो." तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर हे लक्षात ठेवा. बर्फ शक्य तितका लहान घ्या आणि दुसऱ्या कशात तरी मन घाला.

भेटायला येणाऱ्यांचं काय सांगू. "खेळाडू माणूस, आणि असं कसं?" हे सगळे विचारायचे. एक जण पाऊण तास बसला आणि जाताना म्हणाला, "माझ्या चुलतभावाला हेच होतं. गेला बिचारा." आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी. केळी, मोसंबी, शहाळी. आमच्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हातानं भेटत नाहीत. आणि हे तिन्ही किडनी गेलेल्या आम्हा लोकांना विष आहे, त्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि हृदयच बंद पाडतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

तीन शहाळी

माझे मामा वेरूळला राहतात. लेण्यांसमोर त्यांचा शहाळ्यांचा गाडा आहे. बहिणीचा पोरगा आजारी म्हटल्यावर ते मागे कसे राहतील? दर आठवड्याला कुणाच्या तरी गाडीवर निवडून निवडून शहाळी पाठवायचे. स्वाती ती खाली वॉचमनला देऊन टाकायची. मायला तिनं सांगितलं होतं, "आत्या, नारळपाणी अजिबात नको." कारणही सांगितलं होतं, पण सुनेनं सांगितलेलं कारण सासूच्या कानात किती शिरतं ते घरोघर माहीत आहे.

आणि मायचंही चुकलं कुठं? तिला एवढं कळलं होतं की पोराची लघवी बंद झाली आहे. आमच्या भागात लघवी अडली की शहाळं देतात. तिच्या आईनं दिलं, तिच्या सासूनं दिलं, लहानपणी उन्हाळी लागली तेव्हा तिनं मला दिलं आणि मी बरा झालो. तिच्या मते डॉक्टरांना पाण्याची भीती होती, आणि शहाळं हे पाणी नव्हतं, औषध होतं.

मे महिन्यातला रविवार होता. स्वाती शाळेच्या कामाला गेली होती. डायलिसिसला मध्ये मोठी सुट्टी पडली होती. दुपारपर्यंत माझा तांब्या संपला. मायनं मामांनी सकाळीच पाठवलेलं एक शहाळं फोडून पुढं केलं. "पी बाबा. थंड असतं. सगळी घाण खाली निघून जाईल." मी डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं असं नाही, पण तहानेपुढं ऐकलेलं टिकत नाही. मी ते एका दमात संपवलं. तिनं दुसरं फोडलं. मग तिसरं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कशाची तरी किळस आली नव्हती. माय माझ्याकडे बघून हसत होती.

संध्याकाळी उठायला गेलो तर पाय नव्हते. म्हणजे दिसत होते, पण ऐकत नव्हते. छातीतले ठोके एकेक करून, विचार करून पडल्यासारखे पडत होते. वॉचमननं आणि शेजाऱ्यांनी मिळून मला गाडीत कोंबलं.

अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज काय वेगळं खाल्लं-प्यायलं?"

माय पुढं झाली. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "शहाळं दिलं व्हतं की. तीन दिली. लघवी सुटावी म्हणून."

त्या बाई पळत सुटल्या. मग सुया आल्या, यंत्र आलं, आणि मी सकाळपर्यंत तगलो. पण मधे केव्हातरी पडद्यापलीकडून स्वातीचा आवाज आला, तो मला ऐकायचा नव्हता. "आत्या, तुम्ही मारलं असतं त्यांना."

मी बोलण्याजोगा झाल्यावर स्वातीला सांगितलं, की प्यालो मी, ओतलं नाही कुणी. ती म्हणाली, "कळतंय मला." पण तोवर माय एसटीनं देवगावला निघून गेली होती.

माही घ्या

डायलिसिसवर माणूस जगतो. पण माझं वजन उतरत चाललं, हृदयाला त्या रात्रीचा धक्का बसला होता, आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "किडनी बसवायला हवी, आणि लवकर."

स्वातीचा रक्तगट जुळला नाही. ती बाहेर येऊन जिन्यावर बसली आणि स्वतःच्या रक्ताला शिव्या देत राहिली. धाकटा भाऊ भागवत गावी शेती बघतो. त्याला फोन केला तर त्याच्या बायकोनं घेतला. "भाऊजी, आमची लेकरं लहान हाईत." बस, एवढंच. तिचं बरोबर होतं, आणि मला तिचा भयंकर राग आला.

मग मायचा फोन. "माही घ्या."

मी नको म्हटलं. ती पुन्हा बोलली, मी पुन्हा नको म्हटलं. कारण मामांकडून एक गोष्ट कानावर आली होती. त्या रविवारपासून मायनं नारळ सोडला होता. शहाळंच नव्हे, खोबरं नाही, चटणी नाही, घृष्णेश्वराच्या प्रसादातला तुकडासुद्धा तिनं तोंडात घातला नाही, मामीच्या हातावर ठेवला. हे ऐकलं आणि मला शिसारी आली. आईनं तीन शहाळ्यांची भरपाई म्हणून पोटातला अवयव काढून द्यायचा आणि मी तो घालून हिंडायचं? ते मला जमणार नव्हतं. स्वातीला म्हटलं, मेलो तरी चालेल. तिनं गाडीची किल्ली घेतली आणि मला देवगावला नेलं.

माय ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. स्वाती तिच्याजवळ जाऊन बसली, शेंगा ओढून घेतल्या आणि फोडायला लागली. दोघींत तेवढंच झालं. मी दारातूनच सुरुवात केली.

"माय, शहाळ्यापायी तू किडनी देऊ नको. मी तुझ्यावर रागावलेलो नाही."

तिनं वर बघितलं. "शहाळ्याचा काय संबंध?"

"मग नारळ कामून सोडलास?"

"त्यो माहा न् देवाचा हिशेब हाय. तू मधी पडू नको."

"मला तुझी भरपाई नको, माय."

तेव्हा ती भडकली. हातातली शेंग तिनं सुपात आपटली. "भरपाई? आरं, तू साऱ्या दुनियेत अंग इकीत फिरलास. कुणी बी आला, त्यानं पैसं टाकलं, की त्याच्याकून पळलास. त्यानं गुडघा दाबला तर दाबू दिलास. तवा तुला किळस नाय आली. अन् आता माय फुकट देती, तर भाव करतोस व्हय?"

ओसरीवर शेंगा फुटायचा आवाज येत राहिला.

"जेवून जा," माय म्हणाली. "नाय गेलं तर नुसता बस."

मुतला का

दात्याला एका कमिटीसमोर बसवतात. कुणाच्या दबावाखाली देत नाही ना, हे विचारतात. मायला विचारलं, "आजी, तुमच्यावर कुणी दबाव आणला का?" माय म्हणाली, "दबाव? ह्यो नऊ म्हैनं पोटात व्हता. त्याच्याहून मोठा दबाव कोणता आस्तोय?" कमिटीतले एक साहेब हसले, पण दुसऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग ती नीट म्हणाली, "नाय. माही मर्जी हाय."

माझी मोठी भीती वेगळीच होती. माय जेमतेम पावणेपाच फूट. मी डॉक्टरांना विचारलं, एवढ्याशा बाईची किडनी माझ्यासारख्या दांडग्याला पुरेल का? ते म्हणाले, ती बरीच कष्टाळू दिसते. हा काही वैद्यकीय खुलासा नव्हता, पण मला पटला.

शुद्धीवर आलो तेव्हा घसा कोरडा होता आणि पोटात आग होती. बिछान्याला एक पिशवी लटकत होती. त्यात पिवळं पाणी थेंबथेंब नव्हे, धार लागून पडत होतं. लघवीच ती. नर्सनं मोजपात्र उचलून दाखवलं. मला आयुष्यात कशाचा इतका आनंद झाला नाही. एकही सामना जिंकून एवढा झाला नव्हता.

काही वेळानं पलीकडच्या खोलीतून मायचा आवाज आला. पोट शिवलेली बाई, डॉक्टरांनी बोलू नका म्हणून बजावलेली, आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती, "मुतला का त्यो?"

स्वाती धावत तिच्याकडे गेली. "हो आत्या, मुतले. भरपूर मुतले." आमची शिक्षिकाबाई हे बोलली. बाहेर बसलेल्या एका सुटाबुटातल्या पाहुण्यानं तोंड फिरवलं, असं स्वातीनं नंतर सांगितलं.

आठवड्याभरात खालच्या कँटीनमधून लसणाच्या फोडणीचा वास आला. मी वाट बघत राहिलो, की आता पोटातून उसळी येईल. आली नाही. भूक लागली.

परवा

आता बरेच महिने झाले. गोळ्या आयुष्यभर आहेत, गर्दीत तोंडाला मास्क आहे, आणि खेळणं संपलं. एजंटाचा मेसेज आला होता, 'कधी येतोस?' मी उत्तर दिलं नाही. यासीनभाई अजून त्याच खुर्चीवर आहेत, नंबर लागायची वाट बघत. मी अधूनमधून जाऊन बसतो. रिकाम्या हातानं जातो, ते खूश होतात.

परवा तपासणीत मी डॉक्टरांना शहाळ्याचं विचारलं. ते म्हणाले, "एखादं चालेल. घरी धुऊन, घरीच फोडून. रोज नाही." मामांना निरोप गेला. ते स्वतः घेऊन आले, फक्त एकच, आणि दाराशीच उभे राहिले. शहाळं आत न्यावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

स्वातीनं ते धुतलं, फोडलं, दोन पेल्यांत ओतलं. एक माझ्यापुढं ठेवला, दुसरा मायपुढं. माय मागं सरकली. "मला नको. म्या सोडलंय."

"आत्या, डॉक्टरांना विचारलंय," स्वाती म्हणाली. "एक किडनी त्यांच्या पोटात, एक तुमच्या. त्यांना चालतं, तर तुम्हाला का नाही?"

मायनं पेला हातात धरला. मग देवाकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं, आणखी एक घोट घेतला, आणि मग संपवलाच. रिकामा पेला खाली ठेवून ती माझ्याकडे बघून म्हणाली,

"निसतं पाणचट हाय. ह्याच्यापायी मरत व्हतास व्हय रं?"